सहकुटुंब घराबाहेर: पुणेकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

आमच्या भागातली काही कुटुंबं रविवारी सकाळी मुलाबाळांसह, आजी-आजोबांसह टेकडीवर किंवा एखाद्या बागेत जातात. नव्यानं येऊ पाहणारी मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. आम्ही डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांना विचारायला हवं तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

१. सोसायटीत जिम आहे, घरी ट्रेडमिल आहे. मग मुद्दाम बाहेर कशाला जायचं?

जिमला जात असाल तर जरूर जात राहा. पण जिमला घरातलं एकच माणूस जातं. सहा वर्षांची मुलगी, चाळिशीतले आई-बाबा आणि सत्तरीची आजी यांना एकाच वेळी सामावून घेणारी जागा म्हणजे मैदान, बाग नाहीतर टेकडी. शिवाय बाहेर काही गोष्टी आपोआप होतात. उंचसखल वाटेवर पाऊल टाकताना घोटा, पोटऱ्या, कंबर सतत तोल सावरत असतात. ट्रेडमिलच्या सपाट पट्ट्यावर ते होत नाही. मुलांच्या डोळ्यांना भरपूर उजेड मिळतो (त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये). आणि मोकळी जागा दिसली की मुलाला ‘व्यायाम कर’ असं सांगावं लागत नाही, ते पळतंच.

२. नक्की किती वेळ हालचाल पुरेशी? मुलांचा हिशोब वेगळा असतो का?

हो, वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काहीतरी. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करायचे, कारण त्या वयात पडणं महागात पडतं. एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून तीन तास हुंदडायला मिळावं.

मध्यम म्हणजे किती, हे कळायला घड्याळाची गरज नाही. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. एका वाक्यातच धाप लागत असेल तर तो जोरकस.

आकडे बघून दडपून जाऊ नका. काहीच न करणारं घर आठवड्यातून दोनदा अर्धा तास बाहेर पडू लागलं, तर सगळ्यांत मोठा फायदा त्या पहिल्या टप्प्यातच होतो.

३. आमच्या घरात कुणीच जाड नाही. आम्हाला याची काय गरज?

हा प्रश्न पुण्यातून यावा याचं विशेष वाटतं, कारण त्याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी आपल्याकडच्या बऱ्याच लोकांची ठेवण असते. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटानं केलेल्या अभ्यासात ती नवजात बाळांतही दिसली.

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात. वजनकाट्यापेक्षा पोटाचा घेर मोजा: पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला असेल, तर कपड्यांचं माप तेच असलं तरी हालचाल वाढवायला हवी.

४. दोघंही हिंजवडीला नोकरीला. शनिवार-रविवारच मोकळे मिळतात. तेवढ्यानं काही होतं का?

मोठ्यांना होतं. आठवड्याची मिनिटं एक-दोन दिवसांत भरून काढली तरी त्याचा फायदा मिळतो. फक्त पाच दिवस खुर्चीत बसून सहाव्या दिवशी एकदम राजगड गाठू नका. पोटरी आणि गुडघे लगेच तक्रार करतात.

मुलांना मात्र रोजच हवं. त्यांच्यासाठी संध्याकाळी खाली खेळायला सोडणं आणि रात्री जेवल्यावर सगळ्यांनी मिळून शतपावली, एवढं आठवड्याच्या दिवसांत जमवा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, म्हणजे ही मोठ्यांच्याही फायद्याची गोष्ट आहे. दर रविवारी लांब गाडी काढून जाण्यापेक्षा घरापासून चालत जाण्याजोगी एक जागा ठरवावी, असं आमचं ठाम मत आहे. लांबची सहल महिन्यातून एकदा होते. जवळची बाग आठवड्यातून चारदा होऊ शकते, आणि शरीराला ते चारदाच कळतं.

५. पुण्यात जायचं तरी कुठे? सगळीकडे बांधकामं आणि गर्दी.

पुण्यासारख्या टेकड्या शहराच्या आत असणं फार थोड्या शहरांच्या नशिबी असतं. जिथे राहता त्याप्रमाणे सांगतो.

डेक्कन, शिवाजीनगर, सेनापती बापट रस्त्याच्या लोकांना हनुमान टेकडी. फर्ग्युसन कॉलेजच्या मागून चढ आहे, लहान मुलंही सहज चढतात. कोथरूड, पौड रस्ता, गोखलेनगर, पाषाण यांच्या मधोमध वेताळ टेकडी, शहरातली सगळ्यांत उंच जागा. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. वर जुन्या दगडखाणीत पाणी साचतं, मोरांचे आवाज येतात, आणि वर गेल्यावर वाट बऱ्यापैकी सपाट असल्यानं आजीही रमतगमत फिरू शकते. चढ टाळायचा असेल तर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूनं गाडीनं बरंच वर जाता येतं.

सहकारनगर, धनकवडी, बिबवेवाडीला तळजाई आणि पाचगाव पर्वतीचं वन. खुद्द पर्वतीला शंभरेक पायऱ्या आहेत, पण रुंद आणि बुटक्या. मधे टेकायला जागा, वर देवदेवेश्वर आणि सगळं शहर पायाशी. बाणेरकरांना तुकाईची टेकडी, पाषाणला तलावाचा काठ. निगडीला दुर्गा टेकडी. तळेगावच्या वाटेवर घोराडेश्वर: पायऱ्या चढून वर कोरीव लेणी, त्यामुळे इतिहासाची आवड असलेल्या मुलांना हमखास आवडतं.

ज्यांना चढ नकोच, त्यांनी एम्प्रेस गार्डन बघावं. इतके जुने, अवाढव्य वृक्ष आणि वेली शहरात दुसरीकडे एका जागी मिळणं कठीण. सारसबाग, संभाजी उद्यान, सिंहगड रस्त्यावरचं जपानी पद्धतीचं उद्यान, विद्यापीठाचा परिसर, हे सगळं सपाटीचं. कात्रजचं प्राणिसंग्रहालय चालायला मोठं आहे, फक्त बुधवारी बंद असतं. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद ठेवतात आणि टेकड्यांवर वनविभागानं वेळा ठरवलेल्या असतात. प्रवेशद्वारावरची पाटी वाचूनच बेत करा.

६. मुलगा तेरा वर्षांचा. मोबाइल सोडत नाही, टेकडी म्हटलं की तोंड वाकडं.

हा सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न. आमच्याकडे चाललेले उपाय सांगतो, हमी देत नाही.

पहिलं, एकट्याला आई-बाबांबरोबर नेऊ नका. त्याचा मित्र बरोबर घ्या. त्या वयात मित्र असला की अंतर कळत नाही. दुसरं, त्याला काहीतरी जबाबदारीचं काम द्या: वाट त्यानं ठरवायची, पाण्याचा हिशोब त्यानं ठेवायचा, धाकट्या बहिणीला त्यानं सांभाळायचं. तिसरं, चालण्याऐवजी खेळ काढा. लगोरी, डब्बा ऐसपैस, लंगडी, खो-खो याला मोकळी जागा आणि माणसं एवढंच लागतं. खो-खोचे आजचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर, बांधले गेले हे सांगितलं तर मुलं जरा कान टवकारतात. बाबा स्वतः आट्यापाट्यांत उतरले की पोरांचा हुरूप काही वेगळाच असतो.

मोबाइल हिसकावून घेऊ नका. टेकडीवर त्याच मोबाइलनं पक्ष्यांचे फोटो काढू द्या. वेडा राघू तारेवरून झेप घेऊन हवेतला किडा टिपतो आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो. तो क्षण पकडायचा म्हणून आमच्यातला एक मुलगा अर्धा तास जागचा हलला नव्हता, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार होता.

उपदेश मात्र करू नका. ‘बघ, आम्ही तुझ्या वयाचे असताना’ हे वाक्य टेकडीखाली ठेवून या.

७. मुलीच्या चष्म्याचा नंबर वाढतोय. बाहेर खेळल्यानं खरंच फरक पडतो?

चष्मा लागायचा असेल तर तो लांबवण्यात नक्की पडतो, लागलेला उतरवण्यात नाही. घरात दिवे लावले तरी उजेड काही शे लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर, अगदी झाडाच्या सावलीतसुद्धा, तो हजारो लक्स असतो. त्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन तयार होतं आणि नेत्रगोल लांबट होण्याची गती मंदावते, असं त्यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसातली १२० मिनिटं बाहेर काढायला सुरुवात केली, आणि तिथल्या मुलांच्या दृष्टिदोषाची चढती आकडेवारी खाली वळली.

आपल्याला दोन तास एकदम जमवायची गरज नाही. शाळेची मधली सुट्टी, येण्या-जाण्याचं चालणं, संध्याकाळचा खेळ मिळून होतात. नंबर आधीच असेल तर बाहेर खेळू द्याच, पण नेत्रतज्ज्ञांची तपासणी चुकवू नका.

८. ड जीवनसत्त्वासाठी सकाळचं कोवळं ऊन घ्यायचं ना?

कोवळं ऊन सुखाचं असतं, पण ड जीवनसत्त्वासाठी फारसं उपयोगी नाही. ते बनवणारे किरण सूर्य वर आल्यावरच त्वचेपर्यंत पुरेसे पोचतात, साधारण उन्हाळ्यात दहानंतर आणि हिवाळ्यात अकराच्या पुढे. काचेच्या खिडकीतून ते येतच नाहीत, म्हणून बंद बाल्कनीत बसून उपयोग नाही. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. दंड आणि पाय उघडे ठेवून दहा-वीस मिनिटं पुरेत, त्वचा लाल होईपर्यंत थांबू नये. एप्रिल-मेमध्ये याच वेळांबाबत प्रश्न १४ वाचा. कमतरता आहे का हे रक्ततपासणीतच कळतं. गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

९. मुलगी तीन वर्षांची. दहा पावलं चालली की ‘कडेवर घे’.

तिला चालायला नेऊ नका, थांबायला न्या. तीन वर्षांच्या मुलाला पोचायचं कुठेच नसतं. वाटेतला दगड, मुंग्यांची रांग, शेवग्याच्या शेंगेसारखी लटकलेली बहाव्याची शेंग हेच तिचं ठिकाण. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर टेकडीवर मृगाचे लालभडक मखमली किडे निघतात. ते बघायला ती उकिडवी बसते, उठते, धावते, पुन्हा बसते. दिवसाचे तीन तास याच उठाबशांतून भरतात. दोघांपैकी एकानं तिच्या वेगानं राहायचं, दुसऱ्यानं बाकीच्यांबरोबर पुढे जायचं, आणि पुढच्या रविवारी अदलाबदल.

१०. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना घरीच ठेवलेलं बरं ना?

बहुतेक वेळा उलट. झीज झालेल्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा आधार लागतो, आणि बसून राहिलं की आधी तेच स्नायू जातात. सपाट जागी, कुशनचे बूट घालून, हातात काठी घेऊन दहा मिनिटांपासून सुरू करा. उतारावर गुडघ्यावर भार जास्त येतो, म्हणून टेकडीपेक्षा बाग बरी. मधे बसायला बाक आणि जवळ स्वच्छतागृह आहे का, हे आधी बघा. बऱ्याच ज्येष्ठ बायका गुडघ्यांमुळे नाही तर याच अडचणीमुळे बाहेर पडत नाहीत, आणि संकोचानं बोलत नाहीत. विचारा. चालताना दुखणं थोडं वाढून तासाभरात पूर्ववत होत असेल तर चालेल. गुडघा सुजत असेल, अडकत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ.

आणि त्यांना बाकावर एकट्या बसवून बाकीचे निघून जाऊ नका.

११. बाबांना शुगर आणि बीपी आहे. टेकडी चढायचा हट्ट धरतात.

हट्ट चांगला आहे, तो मोडू नका, पण सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. विशेषतः अँजिओप्लास्टी झाली असेल, चढताना छातीत दडपत असेल किंवा चक्कर येत असेल तर. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये. खिशात साखर, ग्लुकोज किंवा चार खडीसाखरेचे खडे ठेवावेत. हात थरथरणं, दरदरून घाम, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की आधी साखर द्या, मग बाकीचं. चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला मोठा चढ नको. मधुमेही माणसानं घरी आल्यावर तळपाय बघायचेच. बधिर पायाला टोचलेला काटा कळत नाही.

चढताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखून आलं तर ‘पित्त असेल’ म्हणत चालत राहू नका. तिथेच बसवा आणि १०८ ला फोन करा.

१२. बाकी सगळे जातात, पण घरातल्या बाईला वेळच कुठे मिळतो?

हा प्रश्न विचारणाऱ्या फक्त बायकाच असतात, हेच पुरेसं बोलकं आहे. रविवारी सकाळी नवरा आणि मुलं टेकडीवर, आणि ती घरी त्यांच्यासाठी पोहे करतेय, तर त्याला सहकुटुंब म्हणता येणार नाही. आमच्या गटात यासाठी एकच नियम आहे: परत आल्यावरचा नाश्ता घरात कुणी करायचा नाही. एकतर आदल्या रात्रीच दशम्या किंवा ठेपले डब्यात भरून ठेवायचे, तेही सगळ्यांनी मिळून, किंवा येताना विकत घ्यायचं. दुसरं, मुलांची तयारी आणि पाण्याच्या बाटल्या हे बाबांचं काम.

घरकामात हालचाल होतेच की, असंही काही जण म्हणतात. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं हा पाठ आणि टाचा दुखवणारा ताण आहे. त्यानं हृदयाला व्यायाम मिळत नाही. चाळिशीनंतर बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि हाडांना भार घेऊन चालणं-चढणंच लागतं. घरात सगळ्यांत आधी कुणाला बाहेर काढायचं असेल तर तिला काढा.

१३. हिवाळ्यात पहाटे धूर असतो. मुलाला दमा आहे. न्यावं की नाही?

न्यावं, पण पहाटे नाही. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर जात नाही. वाहनांचा, शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. ऊन तापलं की ती हवा वर सरकते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत साडेपाचऐवजी आठ-साडेआठला निघा आणि मोठ्या रस्त्यांपासून लांबची वाट धरा.

पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ही अ‍ॅप हवेचा निर्देशांक दाखवतात. १०० पर्यंत निश्चिंत जा. १०१ ते २०० मध्ये दमेकरी मुलानं पळापळ कमी करावी. २०० च्या वर असेल तर त्या दिवशी त्याला घरात खेळवा.

दमा आहे म्हणून खेळच बंद हे मात्र चूक. आधी दहा मिनिटं हळू चालून अंग गरम करायचं, पंप नेहमी मोठ्या माणसाच्या खिशात ठेवायचा, आणि खेळाआधी तो घ्यायचा की नाही हे बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे.

१४. एप्रिल-मेच्या सुट्टीत मुलं मोकळी असतात, पण ऊन…

सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर. पुण्यातली उन्हाळी संध्याकाळ वाऱ्याची असते, तिचा फायदा घ्या. बारा ते चार मैदान नको. टोपी, सुती कपडे, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, पन्हं हे बाटलीबंद रंगीत पाण्यापेक्षा केव्हाही चांगलं. मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळलं तर सावलीत आणून कपडे सैल करा, ओल्या कापडानं पुसा. घाम थांबून अंग भाजत असेल किंवा ते असंबद्ध बोलत असेल तर थेट रुग्णालय.

१५. पावसाळ्यात चार महिने काय करायचं?

बाहेरच जायचं. पुण्यात दिवसभर संततधार फार थोडे दिवस असते. भिजल्यानं सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. ओल्या कपड्यांत गारठत बसू नये, एवढंच. ऑगस्टमध्ये टेकड्यांवर तेरड्याचा जांभळा-गुलाबी पट्टा पसरतो, तो मुलांना दाखवायलाच हवा.

धबधबे आणि धरणांच्या सांडव्यांपासून मात्र लांब. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात सहलीला आलेल्या एका कुटुंबातली माणसं लहान मुलांसह वाहून गेली. वर डोंगरात पाऊस झाला की खाली काही मिनिटांत पाणी चढतं, आणि गुडघाभर वेगवान पाणी मोठ्या माणसालाही टिकू देत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं असेल तेव्हा नदीपात्रातला रस्ताही नको. शेवाळलेल्या पायऱ्यांवर झिजलेल्या तळव्यांचे बूट घालू नका.

१६. सिंहगड मुलांना पायी चढवायचा आहे. किती वयापासून?

वयापेक्षा सराव बघा. तळजाई किंवा वेताळ टेकडी न थांबता दीड तास फिरणारं सात-आठ वर्षांचं मूल आतकरवाडीच्या वाटेनं चढू शकतं. मुलांसह दोन तास धरा, सरावाची माणसं तासाभरात जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत पुणे दरवाजा गाठा. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते, त्यामुळे गाडी लावायची कटकट वाचते. ज्यांना चढवत नाही त्यांनी गाडीरस्त्यानं वर यावं आणि वरच भेटावं.

मोजे लांब घाला. पाऊस सरल्यावर गवताची कुसळं मोज्यांत घुसतात आणि प्रत्येक पावलाला टोचतात. मुलांच्या रडण्याचं कारण पुष्कळदा दमणं नसतं, हेच असतं. थांबून मोजा उलटा करा, एकेक कुसळ ओढून काढा. पाच मिनिटांत मूल पुन्हा पळायला लागतं.

१७. साप, कुत्री, मधमाश्या यांचं काय?

दगड उलटू नका, बिळात आणि कपारीत हात घालू नका, वाट सोडून गवतात शिरू नका. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप सांभाळायचे, त्यातलं फुरसं खडकाळ जागी असतं. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करायचं नाही. माणसाला शांत झोपवा, चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात, उदाहरणार्थ ससूनला, न्या. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला वेळ परत येत नाही.

कुत्रा चावला किंवा नुसता ओरबाडला तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. आग्या मोहोळ दिसलं की त्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर चेहरा झाकून शक्य तितक्या लवकर लांब जा. जखमी प्राणी किंवा बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

१८. टेकडीवर लुटीच्या बातम्या येतात. मुलींना घेऊन जाणं सुरक्षित आहे का?

रुळलेल्या वाटेनं, गर्दीच्या वेळेला आणि गटानं गेलात तर हो. अंधार पडण्यापूर्वी खाली उतरा. दागिने घरी ठेवा. कानात इअरफोन घालून एकट्यानं आडवाटेला जाऊ नका. अडचणीत ११२. तीन-चार कुटुंबं मिळून जायला लागली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

१९. उतरल्यावर मिसळ खाल्ली तर सगळं पाण्यात जातं का?

नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून मिसळ खाणं हा आनंदाचा भाग आहे, सिंहगडावरची पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही तर खायचंच. दर वेळी वडापाव आणि वर थंड पेय ही सवय लावू नका, कारण तासाभराच्या चालण्यानं खर्च झालेलं त्यातच भरून निघतं. एरवी उकडलेले शेंगदाणे, काकडी, पेरू, घरची दशमी. कचरा पिशवीत घालून खाली आणायचा, केळ्याची सालंसुद्धा.

२०. मी गरोदर आहे, पाचवा महिना. येऊ शकते का?

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर सपाट जागी चालणं चांगलंच. गरोदरपणातही आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचालीचीच शिफारस आहे. पोट पुढे आलं की तोल बदलतो, म्हणून खडबडीत उतार आणि पावसाळी वाटा टाळा. रक्तस्राव, पाणी जाणं, चक्कर किंवा पोटात कळा आल्या तर लगेच थांबून डॉक्टरांना गाठा. पाळीच्या दिवसांत जावं का, असंही मुली विचारतात: बरं वाटत असेल तर खुशाल जावं.

२१. महिनाभर नीट गेलो. मग मुलांच्या परीक्षा आल्या, आणि सगळंच सुटलं.

जवळपास प्रत्येक घरात हे होतं. परीक्षेच्या काळात टेकडी बंद ठेवली तरी रात्रीची शतपावली आणि संध्याकाळची अर्धा तास पळापळ बंद करू नका. हालचालीनंतर अभ्यासात लक्षही लागतं आणि झोपही येते. पुन्हा सुरू करताना जिथे सोडलं तिथून नको, निम्म्यापासून: तासभर चालत होतात तर अर्धा तास, दोन आठवड्यांत पूर्वीवर. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला वेळ देऊन ठेवा, ‘रविवारी साडेसात, हनुमान टेकडीच्या पायथ्याशी’ असं नेमकं सांगून. कुणी वाट बघत उभं असलं की अंथरूण सुटतं.